‘नाही’ची वही : उत्तर मुकुटातल्या टी ताऱ्यावर पाळत

२२ सप्टेंबर २०२४, रविवार

वही नवी केली. जुन्या वहीत एका बाजूनं टॉवेलच्या गठ्ठ्यांचा हिशेब आणि दुसऱ्या बाजूनं तारे लिहिले होते. मधे दोन्ही एकमेकांत घुसले आणि मला माझंच लागेना.

सामान : ६ इंची परावर्तक दुर्बीण, प्लायवूडच्या पेटीवर फिरणारी. १०×५० ची द्विनेत्री. टॉर्चला लाल जिलेटीन. जागा अक्कलकोट रोडच्या अलीकडची आमची गच्ची, पलीकडच्या भिंतीला लागून यंत्रमागाचा कारखाना. माग चालू असले की गच्ची बारीक थरथरते आणि भिंगातला तारा तारेवरच्या मण्यासारखा नाचतो. वीज गेली की तारा थांबतो. बाकी सोलापूर वीज गेली की शिव्या घालतं, मी जिना चढते.

काम एकच, उत्तर मुकुटातला टी तारा. इंग्रजी तक्त्यांत टी कोरोनी बोरिॲलिस. एरवी दहाव्या प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचा आकडा, जितका मोठा तितका तारा मंद), म्हणजे उघड्या डोळ्यांना दिसायचं नावच नाही. पण १२ मे १८६६ ला आयर्लंडमधल्या ट्यूम गावी जॉन बर्मिंगहॅमला तो दुसऱ्या प्रतीचा दिसला, आणि पुन्हा १९४६ च्या फेब्रुवारीत तो तसाच भडकला. तांबडा राक्षसी तारा आणि श्वेत बटू अशी जोडी आहे. तांबड्याचं द्रव्य बटूवर साचत जातं, तळाचा हायड्रोजन दाबानं आणि उष्णतेनं पेटतो, साचलेलं द्रव्य बाहेर फेकलं जातं आणि बटू तसाच राहतो. मग पुन्हा साठवण सुरू. यालाच आवर्ती नवतारा म्हणायचं.

१९४६ अधिक ८० म्हणजे २०२६. तरी लोक आत्तापासून डोळे लावून बसलेत, कारण मागच्या स्फोटाआधी तो काही वर्षं थोडा उजळ होता आणि १९४५ मध्ये मंदावला होता. या वेळीही २०१५ पासून उजळला आणि २०२३ मध्ये मंदावला.

आज पश्चिमेला, साडेसात वाजता : टी १०.०. चंद्र नाही, माग चालू.

२५ सप्टेंबर

अण्णा गच्चीवर आले. “काय करलालीस गं अंधारात?”

त्यांना सांगितलं, ताऱ्याची प्रत ठरवतेय. तक्त्यावर आजूबाजूच्या न बदलणाऱ्या ताऱ्यांची तेजस्विता छापलेली असते, दशांश चिन्ह न देता. ९८ म्हणजे ९.८. टिंब दिलं तर ते ताऱ्याचंच टिंब वाटेल म्हणून. आपला तारा एकापेक्षा मंद आणि दुसऱ्यापेक्षा उजळ असेल, तर मधे कुठं बसतो ते डोळ्यानं ठरवायचं.

अण्णा म्हणाले, “म्हणजे शेड मारायची.”

अण्णांनी एकतीस वर्षं डाईंगमध्ये काढली. रंगाच्या हौदातून काढलेली लडी पिळून, वाळवून मास्टर शेडशेजारी धरायची, उत्तरेच्या खिडकीत, आणि सांगायचं : पास, की अजून अर्धा पॉइंट लाल. त्यांनी मला तिथल्या तिथं तीन नियम सांगितले. ओल्या लडीवर निकाल द्यायचा नाही, ती गडद दिसते. तांबड्या रंगाकडं टक लावून बघायचं नाही, डोळा तो पीत राहतो आणि शेड चढत जाते. बघायचं, मान फिरवायची, पुन्हा बघायचं. आणि काल काय ठरवलं ते आज निकाल देईपर्यंत वाचायचं नाही.

दुसरा नियम रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या, ताऱ्यांच्या मार्गदर्शिकांत असतो. तांबडा तारा जितका न्याहाळाल तितका उजळ वाटतो, म्हणून चटकन नजर टाकून निघायचं. तिसरा नियम मी मोडत होते. रोज आधी मागचं पान उघडायचे.

आजपासून वहीला रबर लावलं.

१ ऑक्टोबर, पहाट

धूमकेतू त्सुचिनशान–ॲटलास. २७ सप्टेंबरला सूर्याजवळून गेला. पूर्वेला क्षितिजावर ढगांची पट्टी, तिच्या वर काही नाही. पाणी यायचा दिवस होता, त्यामुळं उठणं वाया गेलं नाही.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

तीन संध्याकाळी ढगांनी खाल्ल्या. आज भाच्याला मागं बसवून गाडी बार्शी रोडला काढली, नान्नजच्या अलीकडं माळावर थांबलो. उजाडायला जसा पूर्वेचा रंग बदलतो तसा मावळतीचा उतरत गेला. सूर्य बुडून पाऊण तास झाला आणि तो दिसला. शोधावा लागला नाही. डावीकडं शुक्र, त्याच्याच उंचीला उजव्या हाताला धूमकेतू, आणि आणखी उजवीकडं खाली स्वाती. शेपूट वर, किंचित डावीकडं कललेली. पाठीमागं कोजागिरीच्या आदल्या दिवसाचा चंद्र चढलेला, तरीही हात लांब करून मूठ धरली तर शेपूट मुठीच्या निम्म्याहून जास्त.

आता प्रत ठरवायची. इथं शेड मारणं अवघड, कारण तारा म्हणजे टिंब आणि धूमकेतू म्हणजे पसरलेला डाग. उपाय असा की द्विनेत्रीचा फोकस बिघडवायचा, स्वातीचा धूमकेतूएवढाच लोळ होईपर्यंत, आणि मग तुलना करायची. त्यातही स्वाती क्षितिजापासून जेमतेम दहा अंशांवर, धूमकेतू वीस. खालचा तारा हवेच्या दुप्पट थरातून येतो आणि मळतो. ती तूट धरली नाही तर धूमकेतू आहे त्यापेक्षा उजळ लिहिला जातो. सगळं धरून १.३. दोन-तीन दशांशांची चूक मी मान्य करते.

भाचा म्हणाला, “मावशी, मोबाईलमधी जास्त भारी दिसतंय.” दिसतंय खरं. फोन चार सेकंद प्रकाश साठवतो, डोळ्याला तेवढी सवलत नाही.

परत येताना टी राहिला. पहिला खाडा.

२ नोव्हेंबर

फटाक्यांचा धूर. आकाशाचा रंग डाळीच्या पाण्यासारखा. टी मावळतीला इतका खाली की धरून ठेवण्यात अर्थ नाही. आता पहाटे वर येईपर्यंत सुट्टी.

३० नोव्हेंबर ते २० डिसेंबर, एकत्र

या दिवसांत तेज बदलणारे दोन तारे, ययाती नक्षत्रातला आल्गोल आणि मृगातली काक्षी. आल्गोलला तक्ताच लागत नाही, ययातीतले शेजारी पुरतात. २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी एकदा त्याचा मंद जोडीदार पुढ्यात येतो, तेज २.१ वरून ३.४ वर उतरतं आणि पुन्हा चढतं. सगळा खेळ दहा तासांचा. १७८३ मध्ये जॉन गुडरिकनं ग्रहणाचा अंदाज मांडला तेव्हा तो १८ वर्षांचा होता आणि बहिरा होता. हे मी भाच्याला सांगितलं. वय ऐकून तो गप्प झाला, त्याचं बारावीचं वर्ष आहे.

काक्षी तांबडी, तिला अण्णा लागतात. तुलनेला प्रश्वा (०.४) आणि रोहिणी (०.९). अण्णांचा निकाल ०.६, माझा ०.५. २०१९–२० च्या हिवाळ्यात ती १.६ पर्यंत उतरली होती, तेव्हा आमच्या घरात कुणी वर बघत नव्हतं.

१२ जानेवारी २०२५, पहाट

गड्ड्याची गडबड. होम मैदानाकडच्या दिव्यांचा उजेड आमच्या पश्चिमेला पहाटेपर्यंत पुरतो, पण टी पूर्वेला, त्यामुळं चाललं. पाच वाजता टी ९.९.

उद्या दुसरा एक ॲटलास धूमकेतू, सी/२०२४ जी३, सूर्याच्या अगदी जवळून जाणार. भाच्याला बजावून ठेवलंय : सूर्याच्या आसपास द्विनेत्री फिरवायची नाही. डोळा एकदाच जातो. जवळून गेल्यावर तो दक्षिण गोलार्धाचा पाहुणा होईल.

२२ जानेवारी

तारखेवरून आठवलं. १८९८ मध्ये याच दिवशी खग्रास सूर्यग्रहणाची पट्टी आपल्या जिल्ह्यावरून गेली आणि करमाळा तालुक्यातल्या जेऊरला दुर्बिणींचा तळ पडला. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आले होते, पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवालाही होते. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटं. पुण्याला जाताना जेऊर स्टेशनवर गाडी थांबली की मी खिडकीतून माळ बघते.

त्या लोकांना कुठं उभं राहायचं आणि कधी वर बघायचं ते सेकंदापर्यंत माहीत होतं. आम्हाला वर्षसुद्धा माहीत नाही.

पहाटे टी १०.०.

९ फेब्रुवारी, रविवार

१९४६ चा स्फोट याच तारखेचा. ओहायोतला लेस्ली पेल्टिअर नावाचा हौशी निरीक्षक १९२० पासून टीवर नजर ठेवून होता. पंचवीस वर्षांवर झाली, तारा हलला नाही. त्या रात्री अडीचला उठला, घसा धरल्यासारखा वाटला, सर्दी होईल म्हणून परत अंथरुणात शिरला. त्याच रात्री टी पेटला. डझनभर धूमकेतू शोधलेल्या माणसाची ही गत. मी आज पावणेपाचला उठले, अंगात ताप नव्हता, त्यामुळं सबबही नव्हती. टी १०.०.

१८ फेब्रुवारी

अण्णांचा डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. उजवा दोन-तीन महिन्यांनी.

६ मार्च

हे नीट लिहायला हवं.

अण्णा रात्री गच्चीवर आले, ऑपरेशननंतर पहिल्यांदा. स्वाती वर आला होता. त्यांनी उजवा डोळा झाकला, मग डावा. पुन्हा उजवा. असं सात-आठ वेळा. मग खाली बसले.

“या डोळ्यानं पिवळा दिसतोय, हळदीचा हात लागल्यासारखा. आणि त्या डोळ्यानं फिक्का केशरी.”

डोळ्याचं भिंग वयानुसार पिवळं पडत जातं आणि निळा प्रकाश अडवतं. नवं भिंग स्वच्छ. कारण माहीत होतं, तरी अण्णांचं तोंड बघवेना. ते मोजत होते ते वेगळंच. निवृत्तीच्या आधीची शेवटची सात-आठ वर्षं त्यांनी कुठल्या डोळ्यानं शेड पास केल्या? एकदा आकाशी रंगाचा एक मोठा लॉट परत आला होता. पार्टी म्हणाली निळा चढलाय. अण्णा म्हणाले बरोबर आहे. भांडण विकोपाला गेलं आणि त्यांनी त्या महिन्याचा पगार सोडला. “तेव्हा पार्टीच बरोबर असंल काय गं?”

मी काय सांगणार. चहा करून आणला.

मग त्यांनीच मुद्दा काढला : तुझ्या वहीत माझे काक्षीचे आकडे आहेत, त्यावर खूण कर. केली. डिसेंबरच्या अण्णांच्या सगळ्या नोंदींपुढं ‘जुना डोळा’ असं लिहिलं. खोडल्या नाहीत. पिवळ्या भिंगामागून पांढरी प्रश्वा मंद दिसते आणि तांबड्या ताऱ्याला फारशी तोशीस लागत नाही, म्हणजे त्यांची काक्षी खऱ्यापेक्षा उजळ निघायला हवी होती. निघाली माझ्यापेक्षा मंद. याचा अर्थ मीच तिच्याकडं टक लावून बघत होते.

२७ मार्च, गुरुवार

आज स्फोट होणार, असा निरोप आठवडाभर सगळ्या ग्रुपवर फिरतोय. मूळ गोष्ट अशी. ही जोडी एकमेकांभोवती सुमारे २२७.६ दिवसांत फिरते. १८६६ आणि १९४६ मधलं अंतर भागिलं तर १२८ फेऱ्या भरतात. त्यावरून पॅरिसच्या एका खगोलशास्त्रज्ञानं पुढच्या शक्य तारखा काढल्या : २७ मार्च २०२५, १० नोव्हेंबर २०२५, २५ जून २०२६. त्यातल्या ‘शक्य’चं फिरता फिरता ‘नक्की’ झालं.

रात्री साडेदहापासून गच्चीवर पंधरा-सोळा माणसं. शेजारच्या काकू घरात बोलतात तसं तेलुगूत, आमच्याशी मराठीत, चटईसकट आल्या. कुणीतरी शेंगा आणल्या. टी पूर्वेला वीस अंशांवर. मुकुटाची वाटी दाखवली, त्यातला ठळक तारा आल्फेका, प्रत २.२. वाटीच्या खालच्या टोकाला ४.१ चा एप्सिलॉन, आमच्या गच्चीवरून तो दिसला की रात्र बरी समजायची. त्याच्याच शेजारी अंशभर अंतरावर टी.

“कुठाय?”

“तिथं काही नाही, तेच बघायचंय.”

हे वाक्य मी चौदा वेळा म्हटलं असेन. दुर्बिणीतून एकेकाला दाखवला, दहाव्या प्रतीचं टिंब, आणि प्रत्येकाचा चेहरा पडलेला अंधारातही कळत होता. काकू मात्र भिंगाला डोळा लावून बराच वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, “एवढासा आहे, मग एवढा मोठा कसा होईल?” सगळ्या गच्चीतला एकच बरोबर प्रश्न. दहाव्यापासून दुसऱ्या प्रतीपर्यंत म्हणजे तेज दीड हजार पटींच्या वर, तेही काही तासांत.

साडेबारापर्यंत सगळे उतरले. अण्णांना १२८ फेऱ्यांचं गणित सांगितलं. म्हणाले, “दोनच स्फोट, म्हणजे मधलं अंतर एकच. एका लडीवरून लॉट पास करायचा नसतो.”

माझंही मत तेच. टी १०.०.

१९ एप्रिल

लाजिरवाणी नोंद. निरीक्षकांच्या संघटनेला वेधांची वेळ आंतरराष्ट्रीय वेळेत पाठवायची असते, आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. मी तास वजा करत होते, तारीख नाही. १२ जानेवारीच्या पहाटेचे पाच म्हणजे ११ जानेवारीचे २३:३०, मी पाठवलं १२ जानेवारी २३:३०. अशा १७ नोंदी, जानेवारीपासून, अख्खा एक दिवस पुढं. ऑफिसात निर्यातीच्या कागदांवर तारीख चुकली तर दुसऱ्याला झापणारी मी.

टी संथ असताना दिवसभरानं काही बिघडत नाही. पण त्यातल्या एखाद्या पहाटे तो चढायला लागला असता तर माझी नोंद सांगत असती की स्फोटानंतरही तो दहाचाच होता. ए.ए.व्ही.एस.ओ.च्या, म्हणजे अमेरिकेतल्या १९११ सालच्या रूपविकारी तारे निरीक्षकांच्या संघटनेच्या, साठ्यात आपल्या नोंदी दुरुस्त करता येतात. १७ च्या १७ केल्या. दोन तास गेले, वर ४२ अंशांची दुपार.

ही संघटना आठवली की राधागोविंद चंद्र आठवतात. जेसोरच्या सरकारी खजिन्यातली नोकरी आणि रात्री तारे. १९१८ च्या जूनमध्ये गरुड नक्षत्रातला नवतारा त्यांनी स्वतंत्रपणे पाहिला. पुढं संघटनेनं त्यांना सव्वासहा इंची दुर्बीण वापरायला पाठवली, आणि त्यांच्या नोंदी गेल्या ३७,००० च्या वर. ती दुर्बीण पुढं खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पूंकडं आणि शेवटी तमिळनाडूतल्या कावलूरच्या वेधशाळेत पोचली. ३७,००० वेळा घड्याळ बघून वेळ लिहिणं. मला १७ जमल्या नाहीत.

४ मे

सगळी गल्ली गच्चीवर झोपते आहे, त्यामुळं पेटी फिरवायला जागा नाही. टी मध्यरात्रीनंतर जवळजवळ डोक्यावर येतो आणि माझ्या दुर्बिणीची डॉब्सन पद्धतीची पेटी तिथंच अडते : सरळ वर असलेला तारा धरायला पेटी गरागरा फिरवावी लागते. एका अंथरुणावर पाय पडला. ९.९.

२८ मे

पाऊस मेमध्येच आला. वही कपाटात. अण्णांचा उजवा डोळाही झाला.

२१ जून

वृक नक्षत्रात नवतारा! १२ जूनला एका स्वयंचलित आकाश-पाहणीत सापडला तेव्हा ८.७ होता, आठवड्याभरात सहाच्याही वर. नाव व्ही४६२ ल्युपी. इथून दक्षिणेला बत्तीस अंशांपर्यंत चढतो, युरोपातल्या बहुतेकांच्या नशिबी नाही. आणि इथं ढग.

नऊ ते पावणेअकरा खुर्ची टाकून बसले. दहा-वीसला फट पडली, तीनेक मिनिटांची. द्विनेत्रीत तक्त्याप्रमाणे मोजत गेले : एक तुलनातारा थोडा उजळ, दुसरा थोडा मंद, आणि मधे तक्त्यावर नसलेला. ५.७. हात थरथरत होता, त्या वेळी माग बंद होते.

शोध लावायचे दिवस आमच्यासारख्यांचे राहिले नाहीत, ते यंत्रं करतात आणि चांगलं करतात. पण यंत्रांवरही ढग येतात, आणि अमेरिकेत दिवस असतो तेव्हा सोलापुरात रात्र असते. टी त्या वेळात उठला तर पहिल्या तासांची शेड इथूनच मारावी लागेल.

२७ जून

आणखी एक, शिडाच्या नक्षत्रात, व्ही५७२ व्हेलोरम, पाचव्या प्रतीच्या आसपास. एका महिन्यात उघड्या डोळ्यांचे दोन नवतारे, आणि दोन्ही आपल्या पावसाळ्यात. हा तर संधिप्रकाशातच नैर्ऋत्येला दहा अंशांवर, पाण्याच्या टाकीमागं. दिसला नाही. नकारात्मक नोंदही पाठवली नाही, ढगाला ‘नाही’ म्हणता येत नाही. ‘नाही’ म्हणायला आकाश दिसावं लागतं.

५ जुलै, शनिवार

उद्या आषाढी, रस्त्यावर पंढरपूरकडं जाणाऱ्या गाड्या. दिवसभर भुरभुर. रात्री अण्णांनी हाक मारली, “ये लवकर, फाटलंय.” दुर्बीण काढायला वेळ नव्हता. डोक्यावर ढगात पराती एवढं भोक, त्यात आल्फेका, तिच्या बाजूला वाटीतले एक-दोन तारे असतील-नसतील असे. अण्णांनी दोन्ही डोळ्यांनी बघितलं, मान फिरवली, पुन्हा बघितलं.

“दुसरा नाही.”

टी, ३.० पेक्षा मंद, उघड्या डोळ्यांनी. भोक बुजलं. अण्णांनी घड्याळ वाचलं, नऊ बारा. मी लिहिलं १५:४२, तारीख तीच.